खडूच्या दगडातला समुद्र

फायर स्टेशनच्या हॉलमधली मेजवानी तीन आठवड्यांवर आली तरी कार्यक्रम ठरेना. छोट्या स्काउटांची ही वर्षातली एकमेव मेजवानी. करमणूक तर हवीच, पण पोरांनी चार गोष्टी शिकूनही जावं, असा पालकांचा हट्ट. निवडीचं काम डेनिस उनरू हिच्या गळ्यात पडलं होतं.

"सापवाला गेल्या वर्षी झाला," ट्रॉय म्हणाला. फायर स्टेशन तोच सांभाळायचा. त्याची दोन्ही मुलं स्काउटांत होती. "यंदा जादूगार बोलाव. टोपीतून ससा काढेल, पोरं खूश."

"त्यात शिकायचं काय?"

"ससा टोपीत मावतो, हे."

डेनिसला हसू आलं, पण मन काही घेईना.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीच्या पंपाची तक्रार घेऊन ऑरव्हिल श्रागकडे गेली. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. पश्चिम कॅन्ससमधल्या त्या भागातल्या निम्म्या बोअरविहिरी त्यानंच खोदलेल्या. त्याच्या शेडमध्ये फळीवर काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत मूठभर माती, वर खोलीचा आकडा.

"या कसल्या हो?"

"गावाच्या विहिरीतली माती. दर दहा फुटांना एक मूठ ठेवत गेलो."

"कशासाठी?"

"टाकवेना." त्यानं तिच्या हातात पांढरं, खडूसारखं ढेकूळ आणि एक सुरी दिली. "खरवडा."

तिनं खरवडलं. भुगा झडला आणि नखाएवढा माशाचा खवला चमकला. इथे कधीकाळी समुद्र होता, हे ती शाळेत शिकली होती. आज तो तिच्या तळहातावर होता. तिनं ढेकूळ उजेडात धरून फिरवलं.

"मेजवानीला याल?" तिनं शेवटी विचारलं.

"मला चार लोकांत बोलता येत नाही."

"बोलू नका. हे आणा फक्त."

ट्रॉयला कळलं तेव्हा तो म्हणाला, "पोरांना जेवताना माती दाखवणार? बरं. मी जेली दोनदा घेईन, तेवढीच करमणूक."

मेजवानीच्या दिवशी साडेपाचला टेबलं एकाला एक जोडली. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत नव्वद बरण्यांची रांग लागली. पांढरी माती, मग राखाडी, मग काळी, अगदी शेवटी तांबूस वाळू. तीस पोरांचा कालवा चालला होता. ऑरव्हिल टोपी हातात धरून उभा राहिला.

"हे नऊशे फूट आहे," तो म्हणाला. "सरळ खाली. आपण उभे आहोत ते इथे." त्यानं पहिल्या बरणीवर बोट ठेवलं. मग प्रत्येकाला तसंच एक पांढरं ढेकूळ आणि जेवणातलाच चमचा दिला. "हळू खरवडा. आत जे आहे ते आठ कोटी वर्षं थांबलंय."

हळूहळू गलका विरला. चमच्यांची खरखर तेवढी उरली. आईबापही खुर्च्या ओढून खरवडायला बसले.

आठ वर्षांची टेसा ढेकळातून निघालेलं काहीतरी तळहातावर घेऊन ऑरव्हिलसमोर आली. "मिस्टर श्राग, हे काय आहे?"

त्यानं चष्मा लावला. तपकिरी, तुकतुकीत, टोकाशी अजून धार होती.

"शार्कचा दात."

"आधी कोणाला सापडला होता?"

"कोणालाच नाही. पडला तेव्हापासून त्याला पाहणारी तू पहिली."

टेसानं उडी मारली नाही. तिनं दुसरा तळहात खाली धरला, जणू त्यातून पाणी सांडेल. एकेकजण येऊन पाहून गेला. ट्रॉय वाकला तो बराच वेळ उठला नाही.

"पाणी किती खोल होतं इथे?" त्यानं विचारलं.

"सहाशे फूट असेल. आपल्या डोक्यावर."

ट्रॉयनं छताकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

ताटातलं हॅम गार झालं होतं. कोणी तक्रार केली नाही. डेनिस रिकामं भांडं गाडीत ठेवायला बाहेर आली. क्षितिजावर थोडा उजेड होता, गव्हाची शेतं सपाट पसरली होती. तिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. ती भांडं छातीशी धरून तशीच उभी राहिली आणि वर, रिकाम्या आकाशाकडे पाहत राहिली. आत पोरं ऑरव्हिलला एकामागून एक विचारत होती, आणि तो उत्तरं देत होता.