पुढच्या पानावरचा धोबी

विम्याचे दावे तपासण्यात ज्याची सगळी हयात गेली, त्याला घरचं माणूस तेवढं खरं कसं वाटावं? या निवृत्त तपासनिसाची बायको तीन महिन्यांपासून दर रविवारी पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून तळ्यावर जायची आणि येताना गुणगुणत यायची. या वयात म्हणे पक्षी! कुठेतरी पाणी मुरतंय, अशी त्याची खात्रीच झाली.

त्यानं पुस्तकांचं दुकान गाठलं.

"नवशिके आहात ना? मग हे घ्या," दुकानातली बाई म्हणाली. "मोठी चित्रं आहेत, रंगावरून पक्षी सापडतो."

"चित्रांचं राहू द्या. कुठला पक्षी कुठल्या महिन्यात दिसतो, ते कशात दिलंय?"

"या जाड्यात. पण सुरुवातीला जड जाईल हो. एकासारखे एक दिसणारे फार आहेत त्यात."

"तेच द्या."

रविवारी चपला काढता काढता बायको म्हणाली, "आज धोबी पाहिला. काळापांढरा, शेपटी सारखी खालीवर."

त्यानं मान हलवली आणि आतल्या खोलीत जाऊन पान काढलं. धोबी: काळापांढरा, शेपटी हलवतो, फक्त हिवाळ्यात दिसतो. बाहेर तर ऐन उन्हाळा भाजत होता. चोर सापडला म्हणून गड्याला आनंद व्हायला हवा होता, पण त्यानं चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. ती खरंच कुणाकडे जात असेल तर आपलं काय, हा विचार त्याला आजवर शिवलाच नव्हता. तरी जित्याची खोड. त्यानं पेन्सिलीनं समासात तारीख घातली आणि लिहिलं, 'खोटं'.

सोमवारी पुस्तक तिच्या हाती लागलं.

"अहो, तुम्हीपण?" तिचा चेहरा उजळला. "मी विचारणारच होते, येता का म्हणून. म्हटलं, हसाल." ती पानं चाळू लागली. खंड्या, हळद्या, धोबी. तिथं, समासातल्या शब्दापाशी, थांबली.

तिनं नुसतं पान उलटलं. तिथं दुसरा धोबी होता, तसाच काळापांढरा, भुवई तेवढी ठळक पांढरी. खाली छापलं होतं: बारमाही.

"पेन्सिलीचं आहे, पुसता येईल," तो म्हणाला.

"पुसतेच आहे की, लग्न झाल्यापासून."

पुढच्या रविवारी तिनं ते जाडं पुस्तक पिशवीत टाकलं. तो बूट घालून दारात उभा होता.

"तुम्ही राहू द्या," ती म्हणाली, आणि जाताना दार ओढून घेतलं.