टिबुकलीचं पांघरूण

न्हाणीघरात साबणाची वडी टप्पकन फरशीवर पडली आणि मी जागच्या जागी थिजले. लेकीने नुसती कूस बदलली. हुश्श! तिच्या दुपारच्या झोपेचा तास, एवढाच काय तो माझा.

लॅपटॉपवर सकाळचे फोटो उघडले. पाणथळीतल्या फळ्यांच्या वाटेलगत, लव्हाळ्यात टिबुकली या बुड्या मारणाऱ्या पाणपक्ष्याचं तरंगतं घरटं. ओल्या शेवाळाखाली पांढरं काहीतरी दिसलं, म्हणून ओणवी होऊन मी ते काडीने बाजूला सारलं होतं. तीन अंडी, लख्ख उजेडात. फोटो टिपते न टिपते तोच सासूबाईंचा फोन, "पोरगी उठलीय. आई आई करून घर डोक्यावर घेतलंय." तशीच पळाले होते.

फोटो झक्क आला होता. मिरवायला म्हणून तो पाणथळीच्या राखणदारकाकांना पाठवला. लगेच फोन वाजला.

"ताई, वरचं शेवाळ कुणी काढलं?"

"मीच. कचरा होता तो."

"कचरा? अहो, टिबुकली उठून जाताना अंडी झाकून जाते. पांघरूण आहे ते तिचं! परत घातलंत ना?"

"नाही, काका."

"धन्य आहे! दोन वर्षं पक्षी बघताय, की नुसता कॅमेरा?" मागे होडीची साखळी खळखळली. "बघून येतो. कावळे टपलेलेच असतात."

पाऊण तास गेला. मी कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. लेक उठून डोळे चोळत मांडीत येऊन बसली. स्क्रीनवरच्या अंड्यांना बोट लावून म्हणाली, "एक, दोन, तीन. यांची आई कुठेय?"

"येईल हं, बाळा," म्हटलं खरं, पण नजर फोनवरच होती.

फोन वाजला. एका हाताने लेकीला सावरत मी तो स्पीकरवर टाकला.

"टिबुकली परत आलीय, घरट्यावर बसली होती," काका म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. "पण होडी दिसताच तिने बुडी मारली, झाकायचंही राहिलं. दोनच आहेत, ताई. मी तसाच मागे फिरलो. आता तुम्हीही आठवडाभर तिकडे फिरकू नका."

लेक मान वर करून माझ्याकडे बघत होती.

"आई, टिबुकलीला मोजता येतं का गं?"