ओली आहे तोवर

ऐका ना, मी काचेवरची फिल्म ओढली तर तिच्याबरोबर दादा पण निघाला. जरा सरका, माझ्यावर सावली धरू नका. ऊन आहे तोवर सगळं सांगते.

आज आमच्या गाडीचं पासिंग होतं. सुजितदादाची टुरिस्टची गाडी, पांढरी, मागच्या काचेवर रेडियममध्ये माझं नाव लिहिलेली, वृषाली. दादा म्हणाला चल, तेवढीच सोबत, म्हणून मी गेले. तुम्हाला ते मैदान माहितीच आहे. पत्र्याची उंच भिंत, अलीकडं एक गेट, पलीकडं एक गेट, आणि बाहेर गाड्यांची ही लाईन. काळी फिल्म असली तर गाडी पास होत नाही आणि काळी फिल्म नसली तर उन्हाळ्यात गिऱ्हाईक बसत नाही, लग्नाचं तर नाहीच नाही. म्हणून सगळे अलीकडच्या गेटबाहेर फिल्म काढतात, उघड्या काचांनी आत जातात, शिक्का घेऊन पलीकडून बाहेर पडतात आणि तिथंच परत लावतात. गाड्या तपासणाऱ्या साहेबांना माहिती, सगळ्यांना माहिती. इसाकभाईंची टपरी त्यावरच चालते. साबणाच्या पाण्याची फवारायची बाटली त्यांच्याकडूनच घ्यायची.

दादा सीटवर बसून भजी खात होता. लाईन कधी पण सरकंल म्हणून बेल्टसुद्धा लावून बसलेला. मला म्हणाला, बाकीच्या मी काढल्यात, माझ्या दाराची तू काढ, तुझी नखं चांगली आहेत. मी दार उघडलं, आतून पाणी मारलं, कोपरा नखानं उचलला आणि ओढायला लागले. अशी मस्त निघत होती ना, पापड प्लास्टिकवरून सुटतो तशी, अख्खी, कुठं चीर नाही. मला इतका आनंद झाला की मी दादाकडं बघितलंच नाही. ओली फिल्म त्याच्या खांद्याला लागली. मी ओढतच राहिले. काच संपली तरी फिल्म निघतच होती.

मग हातात धरून बघितलं तर फिल्मवर दादा. एका बाजूनं दिसणारा, एक हात स्टेअरिंगवर, दुसऱ्या हातात भजं, तोंड अर्धं उघडं. सीट रिकामी. बेल्ट मात्र लावलेलाच होता, मधे छातीएवढी जागा सोडून.

मी ओरडले नाही. आधी इसाकभाईंना विचारावं म्हणलं. त्यांनी फिल्म दोन्ही कोपऱ्यांना धरली, उन्हापुढं केली आणि मला रागावले. जास्त नाही, दूध उतू गेल्यावर रागावतात तेवढं.

"गाडीत माणूस बसल्यावर फिल्म काढत्यात का कधी?"

मला माहिती नव्हतं म्हणलं. ते म्हणाले, काही होत नाही, त्याच काचेला परत लाव, माणूस सीटवर उतरतो. फक्त ओली आहे तोवर. वाळली की कडेनं वळते, वळली की तिची सुरळी होते, आणि एकदा सुरळी झाली की उलगडत नाही.

मग आत्ता लावते की, मी म्हणलं. तर त्यांनी गेटाकडं बोट केलं. आमचा नंबर आला होता. पुढची गाडी आत गेलेली, मागं ट्रक चिकटून उभा, वळायला जागा नाही, लावून परत काढायला वेळ नाही. आणि फिल्म लावून आत गेलं तर साहेब स्वतः काढतात. ते आमच्यासारखं हळू काढत नाहीत, इसाकभाई म्हणाले. गेटातून त्यांनी मला आतला ढीग दाखवला, भिंतीच्या कडेला, काळा, चुरगळलेला. वारं नव्हतं तरी तो हलत होता.

"शिक्का घे, पलीकडं निघ. मी पाणी घेऊन थांबतो तिथं."

फिल्म अजून त्यांच्या हातात उन्हापुढंच होती, म्हणून दादाला बोलता आलं. आवाज असा, शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येतो ना, तसा.

"वृषे, मला दुमडू नकोस."

नाही दुमडत, मी म्हणलं. तो आणखी काहीतरी सांगणार होता, पण इसाकभाईंनी हात खाली घेतले आणि त्याचं बोलणं थांबलं. फिल्मवरच्या माणसांचं बोलणं उन्हावरच चालतं.

मी दादाला शेजारच्या सीटवर पसरला, वरनं पाणी मारलं आणि गाडी आत घेतली. साहेब समोरच कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसलेले. जवळच वाटत होते. पण मी गाडी जरा पुढं घेतली की कडुलिंब तेवढंच मागं जायचं, खुर्ची आणि साहेबांसकट. मागं बघितलं तर गेट आगपेटीएवढं झालेलं. पुढच्या गाडीतला माणूस खाली उतरून टायर बघत होता, त्याला विचारलं हे असं काय. तो म्हणाला, कडक ऊन असलं की मैदान ताणतं, दरवर्षीचं आहे. ते सांगताना त्यानं कपाळावर हात धरला होता आणि त्या हातातून मला त्याचे दोन्ही डोळे दिसत होते. मला वाटलं ऊन लागलं मला.

मी पाणी मारतच होते. बाटलीतलं साबणाचं संपलं, मग प्यायचं मारलं, तेही संपलं. तेवढ्यात आईचा फोन. दादाला दे म्हणाली. मी म्हणलं तो खातोय. ती म्हणाली, भजीच असणार, त्याला सांग घरी आमटी केलीय, पोट भरून येऊ नकोस. सांगते म्हणलं. फोन ठेवून बघितलं तर ज्या हातात भजं होतं तो कोपरा वर उचलला होता आणि हळूहळू आत वळत होता. दादाची बोटं दिसेनाशी झाली.

मी थुंकी लावून बघितली. पुरत नव्हती. सबंध गाडीत ओलं असं काहीच नव्हतं, फक्त मी घामानं भिजलेली. मग काय करणार. मी दादाला उचलला, कुर्ता वर केला आणि त्याला पोटापासून पाठीपर्यंत अंगाला गुंडाळून घेतला. गार लागला. मग चिकटला. कोपरा बरगडीवर दाबून धरला तर सरळ झाला, बोटं परत मोजता आली. कुर्ता खाली केला आणि मला इतकं हुशार वाटलं ना स्वतःला. आता साहेबांना पण दिसणार नव्हता आणि वाळणार पण नव्हता. जितकी भीती वाटेल तितका घाम, जितका घाम तितका दादा नीट.

आणि लगेच कडुलिंब समोर आलं. मी ब्रेक दाबला नसता तर खुर्चीवरच गेले असते.

साहेब चांगले होते, खोटं कशाला सांगू. घामेजलेले, गळ्याला रुमाल. मला ताई म्हणाले. त्यांच्याकडं ते छोटं मशीन होतं, दोन तुकड्यांचं. काचेच्या एका बाजूनं एक धरायचा, दुसऱ्या बाजूनं दुसरा, मग उजेड किती आरपार जातो ते आकड्यात येतं. सगळ्या काचांना लावलं. मान हलवली. काच एकदम स्वच्छ आहे म्हणाले. मी शिक्क्यासाठी कागद पुढं केले.

"हात," साहेब म्हणाले.

माझा कशाला, मी विचारलं.

"आत जे जे आहे त्याचं बघावं लागतं, ताई. पन्नास तरी आलं पाहिजे."

मी हात बाहेर काढला. त्यांनी तळव्याला एक तुकडा लावला, वरनं दुसरा लावला, आणि मशीन माझ्याकडं वळवून दाखवलं. शून्य. मी पुढच्या गाडीकडं बघितलं. तो माणूस शिक्का घेऊन निघाला होता आणि त्याच्या पाठीतून मला त्याचं स्टेअरिंग दिसत होतं, ते धरलेली बोटं दिसत होती, त्यांच्या पलीकडं गेट दिसत होतं.

"फिल्म आहे तुमच्यावर," साहेब म्हणाले.

नाही म्हणलं. सगळे असंच म्हणतात, ते म्हणाले, आणि खिडकीतून हात घालून माझ्या कानामागं नखानं चाचपायला लागले. चिकटपट्टीचं टोक सापडत नाही तेव्हा आपण कसं नख फिरवत बसतो, तसं. घाई नाही, राग नाही. मी मान काढून घ्यायला बघत होते, पण बेल्ट लावलेला होता.

मग मी खरं सांगून टाकलं. साहेब, काढू नका, माझा भाऊ आहे, पलीकडच्या गेटावर लगेच लावणार आहे.

"मग आधी सांगायचं की," साहेब म्हणाले. आणि त्यांना कोपरा सापडला.

मी दादाला सोडलं नाही बघा. कुर्त्यावरनं दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरला, मिठी मारतात तसा, आणि तिथंच चुकलं. साहेबांनी ओढलं आणि जे निघालं ते सगळं एकत्रच निघालं, मी आणि दादा. दुखलं नाही. कानाजवळ जरा गार वाटलं. त्यांनी मला उन्हापुढं धरलं तेव्हा मला खाली आमची गाडी दिसली. सीट रिकामी. बेल्ट लावलेलाच.

गाडी पास झाली. शिक्का मारल्याचा आवाज आला. मग ती आपली आपण निघाली, पलीकडच्या गेटाकडं, काचा इतक्या स्वच्छ की आरपार आभाळ दिसत होतं. गेटातून बाहेर पडेपर्यंत मागचं माझं नाव दिसत होतं.

आणि साहेबांनी आम्हाला इकडं या ढिगात टाकलं, तुमच्यावर. कुणाला लागलं असंल तर सांगा. मी मुद्दाम नाही पडले.

इसाकभाई भिंतीपलीकडं पाणी घेऊन थांबलेत. मघाशी त्यांची हाक आली, वृषाली नावाची गाडी कुणाची म्हणून. मी ओ दिली. तुम्ही पण ऐकली ना, मी मोठ्यानं ओ दिली? पत्र्याच्या वर गेलीच नाही.

दादा माझ्या मागं आहे, पाठीला चिकटून. ऊन त्याच्यावर होतं तेव्हा बोलत होता. आई जेवायची थांबली असंल म्हणाला. मग ऊन वर सरकलं आणि तो गप्प झाला. आता माझ्यावर पण ही एवढीच पट्टी राहिलीय. त्याचा तो भज्याचा कोपरा माझ्या पाठीवरून सुटलाय, मला कळतंय, आत वळायला लागलाय. आणि माझ्या पण पायाकडची कड उचललीय. मी वळले तर तो माझ्या आत अडकणार.

पटकन सांगा, तुमच्यात कुणी अजून ओलं आहे का?