तद्देआचं नाक

ब्रेशियाच्या स्थळाने नातीची छबी मागितली, तेव्हाच ओर्सोला आजीने ठरवलं की या खेपेला खोटेपणा नको. थोरल्या लेकीच्या वेळी चित्रकाराने नाक तासून दिलं होतं. ती बिचारी सासरी जन्मभर ऐकत राहिली, "चित्रातली कुठे ठेवून आलीस?" म्हणून यंदा चित्र नको, पदक. हल्ली फेरारात ज्याला त्याला आपलं तोंड कांशात हवं होतं, जुन्या रोमी नाण्यांवर राजेराण्यांचं असतं तसं.

पदकं घडवणारा मेस्त्री आंद्रिओलो नातीला, तद्देआला, बाजूने बसवून पाटीवरच्या मेणात तिचा चेहरा उठवत होता. पुढ्यात नमुन्याला एका रोमी राणीचं नाणं. आजी वाकून बघते तर मेणातलं नाक सरळसोट, राणीचं.

"मेस्त्री, ही कुणाची पोर?"

"थोडं रोमी वळण दिलंय, बाई. स्थळ हातचं जायला नको."

"बरोबर आहे त्यांचं, आई," आजीचा लेक गास्पारे म्हणाला. "पोरीचं लग्न व्हायचंय."

"तू गप बस. तुझंच बाकदार नाक आलंय तिच्याकडे."

आजीने मेस्त्रीच्या पेटीतून दुसरं नाणं उचललं. त्यावरच्या राजाचं नाक पोपटाच्या चोचीसारखं.

"याचं नाही तासलं कुणी? पुरुषाचं ते रुबाबदार आणि पोरीचं ते वैगुण्य होय?"

तद्देआने मान हलवली नाही, पण बोलली. "मेस्त्री, लावा माझं नाक. नकार यायचा तर आत्ता येऊ दे, वरातीनंतर नको."

मेस्त्रीने मेणाची गोळी बोटांत मळली आणि नाकावर चढवली. मग साचा झाला, कांसं ओतलं, पदक ब्रेशियाला गेलं.

ईस्टरपूर्वीचा, मांसाऐवजी मासळीचा सगळा उपासाचा काळ सरत आला, तरी निरोप नाही. गास्पारे जेवताना आईकडे बघून नुसते सुस्कारे टाकायचा. तद्देआ ताटातली मासळी चिवडत राहायची. आजीलाही आतून धाकधूक होती, पण ती दाखवेल तर शपथ.

ईस्टर झाल्यावर मुलगा स्वतःच आला. तेबाल्दो नाव, हातात पदक. दारात उभं राहूनच म्हणाला, "जरा बाजूला वळता?"

तद्देआ वळली. त्याने पदक तिच्या गालाशेजारी धरलं.

"तंतोतंत आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे आणखी तीन मुलींची पदकं आली. तिन्हींवर एकच बाई होती. तुम्ही तेवढ्या वेगळ्या."

"आता तुम्ही वळा," तद्देआ म्हणाली.

तो वळला. कान चांगलेच सुपाएवढे निघाले. तद्देआने अगदी सावकाश बघून घेतलं.

"आजी," ती म्हणाली, "पाहुण्यांना बसायला दे."