तेरा महिने आणि चौदा नंबरची बस

मी शाळेची बस बोलतेय. नंबर चौदा. माझा पिवळा रंग आता उन्हानं पार विटलाय. एका बाजूचा आरसा निघालाय आणि मागच्या चाकांना गवतानं वेढलंय. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लॉटन्स बेंड गावाच्या शाळाखात्याच्या आवारात, गोदामामागे मी उभी आहे. माझ्याकडे कुणी येत नाही, म्हणून तुमच्याशीच बोलते.

कारखान्यातून नवी कोरी आले, तेव्हा मला वाटलं होतं की रस्ता म्हणजे गंमत. एका बाजूला नदीचा बांध, दुसऱ्या बाजूला कापसाची शेतं आणि मधून धावणारी मी. माझ्या बाकांवर सगळी काळी पोरं. गोऱ्यांची पोरं माझ्यात कधी चढलीच नाहीत. त्यांची शाळा गावाच्या पूर्वेला, उंच कुंपणाआड. तिला सगळे नुसतं ‘अकॅडमी’ म्हणत. तिथं पोरांना त्यांच्या आया गाडीतून सोडत. मी रोज तिच्यासमोरून जायचे. असं का, हे मी कधी विचारलं नाही. बसला काय, दाखवला तो रस्ता.

माझी ड्रायव्हर अर्नेस्टीन गॉस. पोरं तिला मिस अर्नी म्हणत. वय अठ्ठावन्न, गुडघे दुखरे आणि जीभ तिखट. “ए टोपीवाल्या, खाली बस, नाहीतर तुझ्या आईला चर्चमध्ये गाठते,” एवढं म्हटलं की साठ पोरांची बस गप्प.

पहिला थांबा नदीकाठच्या वस्तीचा. तिथं झाकिया टॉलिव्हर चढायची. पहिलीतली पोर, वेण्यांना पांढरे मणी. ती चालली की मणी वाजत. रोज ती माझ्या पायऱ्या मोठ्यानं मोजायची. तीनच होत्या, तरी मोजायची.

मग कोरोनाची साथ आली. मार्च महिन्यात एका शुक्रवारी शाळा सुटली, ती उघडलीच नाही. आधी म्हणाले दोन आठवडे. मग म्हणाले उन्हाळ्यानंतर. मिस अर्नी आणि मी रिकाम्या बाकांवर जेवणाची पाकिटं ठेवून दारोदार फिरायचो. पोरं दारातून हात पुढे करत, पाकीट घेत आणि दार लावून घेत. इतकी वर्षं त्यांच्या कलकलाटाला मी मनातल्या मनात नावं ठेवली होती. आता बाकांच्या स्प्रिंगा तेवढ्या कुरकुरायच्या.

ऑगस्टमध्ये एका सकाळी अकॅडमीजवळून जाताना मला पोरांचा आवाज आला. मैदानावर गोरी पोरं धावत होती. त्यांची शाळा उघडली होती. मिस अर्नीनं गाडी हळू केली, काच खाली घेतली, ऐकलं आणि काच वर केली. 

आमची शाळा उघडण्यासारखी नव्हती, हेही खरं. वर्गांच्या खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या, खोलीखोलीत चाळीस पोरं. शिवाय आमच्या वस्तीत माणसं पटापट जात होती. त्या उन्हाळ्यात चर्चमध्ये अकरा मयतांची प्रार्थना झाली. आईबाप घाबरलेले होते, आणि त्यांनी घाबरावं असंच सगळं होतं.

सप्टेंबरात माझ्या छतावर इंटरनेटची पेटी बसवली. नदीकाठच्या वस्तीत कुणाच्या घरी इंटरनेट नव्हतं. म्हणून मी रोज आठ ते दोन चर्चच्या अंगणात उभी राहायचे आणि पोरं माझ्याभोवती खुर्च्या टाकून टॅबवर शिकायची. झाकिया आता दुसरीत होती. तिचा टॅब नोव्हेंबरात आला. तोवर ती धाकट्या भावाला, डमारीला सांभाळत नुसतीच येऊन बसायची.

टॅब आला तेव्हा मला वाटलं, आता निभेल. पण मी अगदी जवळून बघत होते. बाई बोलायच्या आणि मध्येच तोंड उघडं ठेवून थिजायच्या. दिवाळखोर झालेल्या दुकानातल्या पुतळ्यासारख्या. चित्र पुन्हा हलायला लागेपर्यंत धडा पुढे गेलेला असायचा. वर्षात तीन बाई बदलल्या. झाकिया सकाळी हजेरीचं बटण दाबायची, स्वतःचं चित्र बंद करायची आणि डमारीच्या बुटांच्या नाड्या बांधत बसायची. हजेरी रोज लागत होती. कागदोपत्री ती पोर शाळेत होती. ती कुठेच नव्हती, हे फक्त मला दिसत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

झाकियाची आई टमेका मासळी साफ करण्याच्या कारखान्यात कामाला. पाळी संपवून ती पोरांना न्यायला यायची, अंगाला मासळीचा वास. एकदा तिनं मिस अर्नीला विचारलं, “अहो, शिकतेय का हो ही काही? मला विचाराल तर त्या टॅबातलं मला एक अक्षर कळत नाही.”

“मी बस चालवते गं,” मिस अर्नी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “मी दुसरीत असताना आम्हाला सांगितलं, आता काळी-गोरी पोरं एका शाळेत बसणार. आईनं माझ्या फ्रॉकला तीनदा इस्त्री केली. नाताळची सुट्टी संपवून आम्ही गेलो, तर अर्धे बाक रिकामे. सुट्टीसुट्टीत गोऱ्यांनी आपली वेगळी शाळा, ही अकॅडमी, काढली होती. मला वाटलं, माझ्याच फ्रॉकला काहीतरी वास येत असणार.”

टमेकानं आपला कोट नीट ओढून घेतला. 

फेब्रुवारीत मिस अर्नीला ताप भरला. इस्पितळातून ती पाच आठवड्यांनी परतली. तोवर मी कुलूपबंद होते. चर्चच्या अंगणात त्या पाच आठवड्यांत कोण आलं, कोण नाही, मला ठाऊक नाही. ती परत आली तेव्हा माझ्या पायऱ्या चढताना धाप लागायची, म्हणून पहिल्या पायरीवर बसून घ्यायची आणि मग वर यायची.

एप्रिलमध्ये शाळा उघडली. तेरा महिने झाले होते.

ऑगस्टमध्ये झाकिया तिसरीत गेली. उंच झाली होती. मणी गेले होते आणि पायऱ्या मोजणंही गेलं होतं. ती खिडकीशी बसायची आणि बाहेर बघायची.

त्या वर्षी ड्रायव्हर मिळेनात. ऑक्टोबरात एका दुपारी मिस अर्नीला ऐनवेळी दुसऱ्या मार्गावर पाठवलं. माझ्या पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरांत कागद लावला, ‘आज ही बस गिरणीच्या रस्त्याला’. वर्गावर्गातही चिठ्ठ्या दिल्या. झाकियानं माझा चौदा आकडा बघितला आणि चढली. डमारी त्या दिवशी घरी होता. मास्क लावलेल्या पन्नास पोरांत ती कुणाला दिसली नाही. शेवटच्या थांब्यावर सगळी उतरली आणि आरशात मागे एकच डोकं उरलं.

“झाकिया? अगं, तू इथे काय करतेस?”

“घरी जातेय.”

“काचेवर एवढा मोठा कागद लावलाय. नाही दिसला?”

“दिसला.”

“मग?”

 मिस अर्नी मागे गेली, समोरच्या बाकावर बसली आणि दप्तरातून वर्गातली चिठ्ठी काढायला सांगितली. झाकियानं ती उलटी धरली नव्हती, पण तिचे डोळे एकाच जागी होते.

“वाच बाळा.”

“मला हे… मला ‘बस’ वाचता येतं.”

मिस अर्नीनं तिला जवळ घेतलं नाही की समजूत घातली नाही. नुसती म्हणाली, “बरं. एक शब्द येतो म्हणजे सुरुवात झालीच आहे.” मग गाडी वळवून तिला नदीकाठी नेऊन सोडलं. टमेका रस्त्यावर येऊन उभी होती, घाबरीघुबरी.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं सुरू झालं. सकाळी आम्ही शाळेच्या आवारात सात वाजायच्या आधी पोचायचो आणि शाळेची दारं सात-वीसला उघडायची. त्या पंचवीस मिनिटांत झाकिया ड्रायव्हरमागच्या पहिल्या बाकावर येऊन बसायची. मिस अर्नीनं चर्चच्या कपाटातून बदकांची, अस्वलांची पुस्तकं आणली.

“ही बाळांची आहेत,” झाकिया फणकारली.

“मग बाळांना वाचून दाखव. आधी मला दाखव.”

मिस अर्नी काही शिक्षिका नव्हती. कुठला उच्चार आधी शिकवावा, हे तिला कळायचं नाही. चुकली की दोघी हसायच्या. पण त्या पंचवीस मिनिटांत माझ्या आत एक माणूस दुसऱ्या माणसाकडे बघत होतं, आणि चित्र थिजत नव्हतं.

आमच्याकडे नियम असा, की तिसरीच्या शेवटी वाचनाची परीक्षा. तीन संधी. पास नाही झालं तर पुन्हा तिसरी. एप्रिलमध्ये ती नापास झाली. मे महिन्यात नापास, पण थोडक्यात. मग उन्हाळी वर्ग, आणि मी अर्धी रिकामी धावत राहिले. जुलैअखेर शेवटच्या दिवशी पोरांच्या हातात पालकांसाठी बंद पाकिटं दिली. नदीकाठाला पोचेपर्यंत बसमध्ये झाकिया आणि डमारी दोघंच उरले होते. झाकियानं पाकीट फोडलं.

“आईला द्यायचंय ना ते?” मिस अर्नी म्हणाली. गाडी थांब्यावर उभी होती.

झाकियानं ऐकलं नाही. ती उभी राहून मोठ्यानं वाचू लागली. सावकाश, बोट ठेवत. “आपल्या मुलीनं… तिसरी संधी… घेतली असता… आवश्यक गुण मिळवले नाहीत. त्यामुळे तिला पुढील वर्षी… तिसरीतच… ठेवण्याची…” तिथं ती अडखळली. “शि… शिफा…”

“शिफारस,” मिस अर्नी हळूच म्हणाली.

“शिफारस करण्यात येत आहे.”

तिनं खालची सहीसुद्धा वाचली. मग कागदाची घडी घातली. सबंध पत्र तिनं आयुष्यात पहिल्यांदाच आपलं आपण वाचलं होतं.

डमारीनं विचारलं, “म्हणजे तू आणि मी आता एकाच वर्गात?”

“म्हणजे मी नापास,” झाकिया म्हणाली आणि उतरून गेली.

मिस अर्नी तशीच मुख्याध्यापक गेन्स यांच्याकडे गेली. आवारातच तिनं त्यांना गाठलं. “सर, ते पत्र तिनं मला वाचून दाखवलं. एका शब्दाला अडली. आता तुम्हीच सांगा, तिला वाचता येत नाही हे मी कशी मानू?”

गेन्स सर भले गृहस्थ. तेही याच शाळेत शिकलेले. डोळे चोळत म्हणाले, “अर्नेस्टीन, मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? वर्गातली अर्धी पोरं नापास झालीत. त्या कागदावर गुण लिहायला जागा आहे. तेरा महिन्यांना जागा नाही.”

ऑगस्टमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी नदीकाठच्या थांब्यावर डमारी एकटाच होता. “ती येत नाही म्हणाली. सगळ्या मैत्रिणी चौथीत गेल्या.”

थांब्यावर एक मिनिट थांबायचं, असा आमचा नियम. मिस अर्नीनं इंजिन बंद केलं. दोन मिनिटं. चार मिनिटं. खात्यातून रेडिओवर विचारणा झाली, “चौदा नंबर, अडचण आहे का?” तिनं बटण दाबलं आणि म्हणाली, “मुलं चढताहेत.” एकही मूल चढत नव्हतं. अकराव्या मिनिटाला घराचं दार उघडलं. झाकिया आली. कुणाकडे न बघता थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मिस अर्नी तिला पुढे ये म्हणाली नाही. गाडी सुरू केली.

ते वर्षभर झाकिया मागेच बसली. वर्षानं लहान पोरांत अवघडून बसल्यासारखी, गुडघे समोरच्या बाकाला टेकवून. एकदा एका चिमुरड्यानं तिला “तू एवढी मोठी का?” म्हणून विचारलं, तर ती खिडकीकडे वळली. सकाळच्या पंचवीस मिनिटांत पुढचा बाक रिकामा असायचा. नाताळसारखा एखादा सण आपल्या घरात होऊ नये तसा. डिसेंबरात एकदा ती उठून आली, पुस्तक न मागता मिस अर्नीशेजारी पायरीवर बसली आणि दोघी बाहेरचं धुकं बघत राहिल्या. त्यानंतर रोज आली.

पुढच्या एप्रिलमध्ये ती पास झाली. कुणी केक आणला नाही. तिच्या मैत्रिणी तोवर पाचवीला निघाल्या होत्या आणि त्यांच्या बोलण्यात नव्या गोष्टी होत्या.

दोन वर्षांनी नव्या, बिनआवाजाच्या बसेस आल्या. मला काढलं, आणि मिस अर्नीनंही काम सोडायचं ठरवलं. आमच्या शेवटच्या फेरीला नदीकाठी झाकिया सगळ्यांत शेवटी उतरली. खाली जाऊन परत वळली.

“मिस अर्नी, मी खूप मागे राहिलेय का हो?”

मिस अर्नीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही.

“राहिलीस, बाळा. थोडी.” मग म्हणाली, “पण तू जिथं होतीस तिथंच मी रोज येत होते ना? लांब नव्हतं ते.”

झाकियानं मान हलवली आणि गेली. दार बंद झालं. आवारात परतेपर्यंत आम्ही दोघीच होतो.

गेल्या आठवड्यात रंगाची बादली घेऊन एक माणूस आला. विकायच्या बसवर शाळेचं नाव ठेवता येत नाही म्हणे. त्यानं माझ्या कपाळावरची अक्षरं पांढऱ्या रंगानं पुसली. आता मी कुणाची आणि कशाची, हे वाचूनही कळणार नाही. मला कुणी विकत घेईल, कोंबड्या ठेवील किंवा सुटे भाग काढील. त्याचं फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते एवढंच, की झाकियाचं पुढे काय झालं हे मला कधीच कळणार नाही.

नदीकाठच्या त्या वाटेवर आता दुसरी बस जाते. तिला कुणी भेटलात तर माझा निरोप द्या. म्हणावं, तिथल्या पोरांना उशीर झालाय, हे खरं आहे. पण तो उशीर त्यांनी केलेला नाही.