ओव्हाळ सरांची विहीर

मी ज्यांचा सर्वांत अधिक ऋणी आहे ते नांदूरघाटचे ओव्हाळ सर, आणि त्यांचे नाव घेतले की मला पाण्याखाली दोन दगड आपटल्याचा आवाज ऐकू येतो. सुट्टीत, विहिरीचे पाणी तळाकडे सरकलेले आणि ऊन हिरवट होऊन खाली उतरलेले असे, तेव्हा आमचे हे विज्ञानशिक्षक शेवटच्या पायरीवर बसून पाण्यात दगडावर दगड आपटत आणि आम्ही डोळे मिटून बुडी मारत असू.

"आवाज कुणीकडून आला बे?" वर आलो की ते विचारत.

प्रत्येकाचे बोट निराळ्या दिशेला. पाण्यात आवाज इतका वेगाने धावतो की दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच भेटतो आणि दिशा हरवते, हे त्यांनी हसत सांगितले. ज्या घरात पुस्तक नव्हते त्या घरातला मी, त्या एका प्रश्नामागे समुद्रापर्यंत गेलो. पदवी, प्रबंध, जहाजावरचे महिने, खोल पाण्यात सोडलेली ध्वनियंत्रे, सारे त्याचेच उत्तर शोधण्यात गेले.

आता सरांचे कान गेले आहेत. अंबाजोगाईच्या महाविद्यालयाने माझे व्याख्यान ठेवले, त्याचे निमंत्रण घेऊन मी त्यांच्याकडे गेलो.

"कानाचं मशीन हाय, पन खिशात ठेवत्यात," त्यांची सून म्हणाली.

मी त्यांच्या खिशाकडे बोट केले, तसे सर म्हणाले, "त्यात पंखाच लई ऐकू येतो. माणसं न्हाई."

मी निमंत्रण पुढे केले. त्यांनी ते सावकाश वाचले, घडी घालून परत दिले. "मी येऊन काय करू? नुसतं तोंड बघत बसू का तुझं?"

मी हसलो. परतीच्या एसटीत मला दुःख झाले नाही, काहीच झाले नाही. खोल जाताना कानांवर पाणी दाटते आणि जग जागेवरच राहून लांब जाते, तसे ते दिवस गेले. फोन त्यांना ऐकू येत नाही, म्हणून शेवटी पत्र पाठवले.

"आदरणीय सर,
सविनय जयभीम.
ऐकणारे पुष्कळ जमतील. आई गेली, दादा गेले; त्या सभागृहात मला लहानपणापासून ओळखणारे कुणी नसेल. आठवणीतली माणसे मला दिसतात, पण ती माझ्याकडे बघत नाहीत. तुम्ही अजून बघता. व्याख्यानाच्या दिवशी सकाळी गाडी घेऊन येतो. नुसतं तोंड बघायला या.
आपला,
मिलिंद"