मुका केलेला मोडेम

हो, मी मोडेम बोलतोय. शिट्ट्या मारणारा काळा डबा. अठ्ठ्याण्णव साली कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात आलेलो. एका बाजूने टेलिफोनच्या तारेला जोडलेला, दुसऱ्या बाजूने नव्या सर्व्हरला. सर्व्हर म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा बाप. आणि बापमाणसं काय चीज असतात, ते मला तिथेच कळलं.

मला जोडलं कोपरीच्या हेमाने. तिची नोकरी अजून कच्ची. मालक आनंदाशेठ म्हणाला, "शनिवारपर्यंत सॉफ्टवेअर चालू झालं तर पक्की. नाही तर सोमवारी येऊ नकोस."

सॉफ्टवेअरची अट एकच. मी पुण्याला फोन लावायचा, तिथल्या कॉम्प्युटरने लायसन्स द्यायचं, मगच पुढचं काम. मी लावायचो. लगेच एक्स्चेंजची बाई म्हणायची, "या फोनवरची एसटीडी बंद आहे." पण ते हेमाला ऐकूच जात नव्हतं. मालकाच्या मामाने, बाळमामाने, माझा आवाज पार बंद केलेला. दुपारच्या डुलकीत माझी शिट्टी खुपायची ना त्याला!

पडद्यावर तेवढंच यायचं : लायसन्स मिळालं नाही. हेमा बिचारी सगळं पुसून पुन्हा टाकत बसायची.

"मामा, लाईनला एसटीडीचं कुलूप आहे का? ठाण्यातला नंबर लागतो, पुण्याचा लागत नाही."

"मला शिकवतेस? सकाळीच सांगलीला बोललोय मी!"

बोललेलाच. गुपित नंबर फिरवून कुलूप काढायचा, व्याह्याशी हळदीच्या भावापासून मूळव्याधीपर्यंत गप्पा हाणायचा, की परत कुलूप. दुसऱ्या कोणी फोनला हात लावला तर मात्र चोरी.

शनिवारी शेठ समोर उभा असताना हेमाने माझ्या आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. मी जीव तोडून ओरडलो. एक्स्चेंजची बाई अख्ख्या ऑफिसात घुमली, "एसटीडी बंद आहे!"

मामाचे कान लाल. शेठने नीट ऐकलं. आणि हेमालाच म्हणाला, "मामांना चारचौघांत खोटं पाडतेस? वयाचा काही मान?"

ती जेवणाचा डबा उचलून निघून गेली.

सोमवारी मामाने गुपचूप कुलूप काढलं आणि शेठला हाक मारली. "बघ आनंदा, आता मामाच्या हातून! पोरीला जमतच नव्हतं रे."

मी फोन लावला. पुण्याने उचलला. लायसन्स द्यायला तयार.

मी ठेवून दिला.

मामाने परत लावायला सांगितला, मी परत ठेवला. मामा घामाघूम. शेठ म्हणाला, "काय मामा, अजून एक कुलूप आहे वाटतं?"

आता सर्व्हरच्या डोक्यावर मामाचा चहा असतो आणि मी भंगाराच्या खोक्यात. असू दे. हेमा, असशील तिथे ऐक, तुझं काही चुकलं नव्हतं. आणि त्या सोमवारी लाईन एकदम साफ होती.